पोस्टकार्डाएवढी जमीन

"सर, घर्षण हे स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं पुस्तकात दिलंय. मग शर्यतीच्या गाड्यांचे टायर एवढे रुंद का असतात?"

अकरावीच्या वर्गात बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाने हा प्रश्न विचारला होता. तास संपायला पाच मिनिटे उरली होती आणि उत्तर मला येत नव्हते. "रबराचं वेगळं असतं, परीक्षेला ते विचारत नाहीत," असे सांगून मी त्याला खाली बसवले. आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी हे केले असेल. तोच विद्यार्थी आता इंजिनिअर आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला. दक्षिणेतल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर 'ट्रॅक डे'साठी तो पहिल्यांदाच जाणार होता. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेली फी भरून आपलीच रोजची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर, देखरेखीखाली, मनसोक्त वेगाने चालवून पाहायचा दिवस. "सर, टायर कोणते लावू आणि हवा किती ठेवू? आणि ते रुंद टायरचं उत्तर अजून राहिलंय तुमच्याकडे," असे तो हसत म्हणाला.

या वेळी मात्र मी वाचायला बसलो. त्याच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते आणि तिथे पोचायला माणसाला दीडशे-पावणेदोनशे वर्षे लागली, हे तेव्हा लक्षात आले.

सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. चालकासह १००० किलोग्रॅम वजनाची गाडी घ्या. प्रत्येक चाकावर साधारण २५० किलोग्रॅमचा भार येतो. टायरमध्ये हवा ३० पौंड आहे. पंक्चरवाला ज्याला नुसते 'पौंड' म्हणतो ते म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम. २५० ला २.१ ने भागले की ११९ येतात. म्हणजे हा टायर सुमारे ११९ चौरस सेंटिमीटर जागेवर जमिनीला टेकतो. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, त्याचे क्षेत्रफळ १२६. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हिशेब काटेकोर नाही. पण अख्खी गाडी चार पोस्टकार्डांवर उभी असते, एवढे खरे. वेग वाढवणे, ब्रेक लावणे, वळणे ही सगळी कामे त्या चार पोस्टकार्डांतूनच व्हायची.

हवेवर गाडी उभी करण्याची कल्पना प्रथम मांडली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरने. १८४५ साली त्याने हवा भरलेल्या चाकांचे पेटंट घेतले तेव्हा तो २३ वर्षांचा होता. आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेरून चामड्याचे आवरण, अशी त्याची रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने ही चाके घोडागाडीला लावून दाखवली. गाडी हलकी पळते आणि आवाजही करत नाही, हे लोकांनी पाहिले आणि ते विसरून गेले. गाड्या घोड्याच्या वेगाने चालत होत्या आणि रबर महाग होते. गरज निर्माण होण्यापूर्वी लागलेल्या शोधाचे बहुधा असेच होते.

त्या रबराचाही स्वतंत्र इतिहास आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. गंधकासोबत तापवल्यास ते टिकाऊ आणि लवचिक राहते, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये आढळले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनेही या व्हल्कनीकरणाचे पेटंट घेतले. व्हल्कनीकरण झाले नसते तर पुढचे काहीच झाले नसते. पण आपला विषय हवा आहे, म्हणून तिकडेच वळू.

१८८७-८८ मध्ये बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर राहत होता. त्याच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराची चाके होती आणि ती दगडी रस्त्यावर खडखडत. डनलॉपने एका लाकडी चकतीभोवती रबराची नळी बसवली, वरून कापड गुंडाळले आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग त्याने एक प्रयोग केला. तो शाळेच्या पटांगणात सहज करता येईल. हवेची चकती आणि सायकलचे भरीव चाक त्याने अंगणात पाठोपाठ ढकलून दिले. भरीव चाक मध्येच आडवे पडले. हवेची चकती अंगणभर धावून पलीकडच्या फाटकावर आपटून परत फिरली. १८८८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याचीच कल्पना ४० वर्षांपूर्वी थॉमसनने नोंदवली आहे, हे पुढे उघड झाले आणि पेटंट रद्द ठरले. दरम्यान १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टच्या मैदानावर हवेच्या टायरवर शर्यती जिंकल्या होत्या. पेटंट गेले तरी टायर राहिले. नव्या वस्तूच्या खरेपणाची परीक्षा शर्यतीत होण्याची या क्षेत्रातली परंपरा तिथपासूनची.

त्या परंपरेतली मला सर्वांत आवडणारी शर्यत म्हणजे १८९५ ची पॅरिस-बोर्दो-पॅरिस, सुमारे १२०० किलोमीटरची. ती जिंकणाऱ्याची नव्हे, हरणाऱ्याची गोष्ट आहे. एमिल लेव्हासोर पहिला आला. त्याने जवळजवळ ४९ तास गाडी हाकली, सरासरी वेग ताशी २४ किलोमीटर आणि चाके भरीव रबराची. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावच्या आंद्रे आणि एदुआर मिशलाँ या भावांनी मात्र आपल्या मोटारीला हवेचे टायर लावले होते. मोटार हवेवर धावू शकते यावर दुसऱ्या कोणाचा विश्वास नव्हता. वाटेत पंक्चरवर पंक्चर झाले. थांबायचे, टायर उतरवायचा, ट्यूब बदलायची, पुन्हा निघायचे. ठरलेल्या वेळेनंतर आणि अगदी शेवटी ते पॅरिसला पोचले. पण पोचले. चारच वर्षांनी, २९ एप्रिल १८९९ रोजी, कामिय झेनात्झीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथमच ओलांडली. तेव्हा तिच्या चाकांत मिशलाँचेच हवेचे टायर होते.

यानंतर टायर काळे झाले. आधी ते पांढरट असत. १९०४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या सिल्व्हरटाऊनच्या कारखान्यात असे आढळले की काजळी मिसळलेले रबर कितीतरी कमी झिजते. १९०७ मध्ये लंडनजवळ ब्रुकलँड्स हा खास मोटारींसाठी बांधलेला पहिला ट्रॅक सुरू झाला. जर्मनीतला न्यूरबर्गरिंग १९२७ मध्ये तयार झाला. शर्यती नसतील तेव्हा पैसे भरून कोणीही आपली गाडी तिथे फिरवून आणावी, अशी सोय सुरुवातीपासून होती. माझ्या विद्यार्थ्याच्या ट्रॅक डेचे हे पणजोबा म्हणता येतील. १९४६ मध्ये मिशलाँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतले धागे तिरपे नसून काठापासून काठापर्यंत आडवे असतात आणि वरून पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे भिंत लवली तरी जमिनीवरचे पोस्टकार्ड सपाट राहते. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत मात्र रेडियल १९७७ मध्ये उतरले आणि पहिली शर्यत १९७८ मध्ये जिंकले.

आता त्या मुलाच्या जुन्या प्रश्नाकडे येऊ.

पुस्तकातला नियम गीयोम आमोंताँ याने १६९९ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला. घर्षण भाराच्या प्रमाणात असते, क्षेत्रफळावर अवलंबून नसते. वीट आडवी ठेवा की उभी, ओढायला सारखेच बळ लागते. १७८५ मध्ये कूलाँबच्या प्रबंधाने त्याला आणखी बळकटी दिली. मात्र हे प्रयोग लाकूड आणि धातू यांवर झाले होते. असे का होते याचे उत्तर विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी दिले. गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभागही खरे तर फक्त उंचवट्यांवर टेकतात. दोन डोंगररांगा एकमेकींवर पालथ्या ठेवाव्या, तसे. भार वाढला की ही टोके चेपतात आणि खरा स्पर्श त्या प्रमाणात वाढतो. दिसणारे क्षेत्रफळ किती, याला मग अर्थ उरत नाही.

रबर मात्र मऊ आहे. ते डांबरी रस्त्याच्या खळग्यांत शिरते. भार आणखी वाढवला तर खरा स्पर्श वाढतो, पण भाराच्या प्रमाणात नाही. म्हणून चाकावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणजे घर्षणांक, जो आपण फळ्यावर स्थिरांक म्हणून लिहितो, तो रबराच्या बाबतीत भाराबरोबर घटतो. आणि घर्षणांक एकापेक्षा जास्त नसतो अशी जी समजूत मुलांची होऊन बसते, ती शर्यतीच्या टायरने कधीच मोडून काढली आहे.

रबराच्या पकडीचा दुसरा भाग अधिक मजेचा आहे. रबराचा चेंडू एक मीटर उंचीवरून सोडा. तो पुन्हा एक मीटर वर येत नाही. जी उंची हरवली तिची ऊर्जा चेंडू चेपून पुन्हा फुगताना उष्णतेच्या रूपाने गेली. टायरचे रबर रस्त्याच्या खडीवरून घासत जाते तेव्हा प्रत्येक खड्यापाशी हेच घडते. ते चेपते, सावकाश फुगते आणि मधल्या मध्ये ऊर्जा खाते. ही खाल्लेली ऊर्जा म्हणजेच घर्षण. १९५८ मध्ये ग्रीनवुड आणि टेबर यांनी वंगण लावलेल्या रबरावर कठीण गोळी फिरवून पाहिली. चिकटपणा नाहीसा होऊनही घर्षण शिल्लक राहिले. १९६३ मध्ये ग्रॉशने दाखवून दिले की रबराचे घर्षण वेग आणि तापमान या दोहोंवर अवलंबून असते. तापमानाबरोबर किंवा वेगाबरोबर ते आधी वाढते, एका शिखरावर पोचते आणि मग उतरते. शर्यतीतले लोक ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधीपासून हातांनी जाणत होते. थंड टायर धरत नाही, तापला की धरतो, अति तापला की पुन्हा घसरतो.

मग रुंद टायर कशासाठी? वरच्या हिशेबात गंमत अशी की तेवढाच भार आणि तेवढीच हवा असेल तर रुंद टायर जमिनीला फारसा जास्त टेकतच नाही. पोस्टकार्ड तेवढेच राहते, फक्त आडवे ठेवल्यासारखे होते. पण रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवून चालते आणि मग कार्ड मोठे होते. शिवाय उष्णता आणि झीज जास्त रबरावर वाटली जाते, त्यामुळे जास्त मऊ रबर वापरता येते. 'रबराचं वेगळं असतं' हे माझे उत्तर चुकीचे नव्हते. ते उत्तरच नव्हते, एवढेच.

फोनवर त्याचा पुढचा प्रश्न नक्षीविरहित गुळगुळीत टायरचा होता. 'स्लिक' म्हणतात ते. फॉर्म्युला वनमध्ये ते १९७१ पासून आले. नक्षी नसल्याने रबराचे छोटे ठोकळे डगमगत नाहीत आणि सगळी जागा रस्त्याला लागते. १९९८ ते २००८ या काळात वेग आवरण्यासाठी नियमाने टायरवर खाचा पाडायला लावल्या होत्या. २००९ मध्ये स्लिक परत आले. मग रस्त्यावरच्या टायरला नक्षी कशाला? फक्त पाण्यासाठी. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेत हॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या टायरचा अभ्यास केला. पाणी साचलेल्या धावपट्टीवर ठरावीक वेगानंतर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. हा वेग त्यांच्या सूत्रानुसार हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पौंडांतल्या दाबाचे वर्गमूळ काढा आणि त्याला सुमारे १६.७ ने गुणा, की ताशी किलोमीटरमधला वेग येतो. ३६ पौंडांना १००, २५ पौंडांना सुमारे ८३. पाण्याची खोली आणि नक्षीची झीज यांनी हे आकडे बदलतात. पण पावसाळ्यात हवा कमी असलेली गाडी लवकर तरंगते, हे वर्गमुळाचे गणित शिकवताना सांगण्याजोगे आहे.

नवशिक्याने स्लिक लावू नये, असे मी त्याला सांगितले. ते तापायला हवेत, आणि तेवढे तापवण्याइतका वेग नवशिक्याला झेपत नाही. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. साधा टायर कमी वेगात घसरू लागतो आणि घसरण्याआधी किंचाळतो. चालक शिकतो तो त्या आवाजावरून. स्लिक शेवटपर्यंत गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा वेग फार असतो. गाडीचे ब्रेक आणि बेअरिंगही त्या पकडीसाठी बनवलेले नसतात. तेव्हा पहिल्या दिवसाला आपलेच चांगल्या अवस्थेतले टायर बरे. भिंतीवर फुगवटा किंवा चीर नको. भिंतीवरच्या चार आकड्यांतून टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळते (२३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा), ते पाहून घ्यावे. अगदी कोऱ्या टायरची उंच नक्षी ट्रॅकवर डगमगून भराभर तापते. कोरड्या दिवशी थोडा झिजलेला टायर उलट बरा. मात्र नक्षीची खोली कायद्याने ठरवलेल्या १.६ मिलिमीटरच्या बरीच वर हवी.

हवेच्या बाबतीत चूक झाली तर काय होते, हे जाणत्यांच्याही वाट्याला आलेले आहे. १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसच्या शर्यतीत एका तिरक्या, उंच वळणावर मिशलाँचे टायर भार सोसत नाहीत, असे सरावात दिसून आले. १८९५ मध्ये शेवटी का होईना पोचणाऱ्या त्याच घराण्याचे हे टायर. त्या टायरच्या चौदा गाड्या पहिला फेरा मारून मुकाट्याने आत परतल्या आणि शर्यत सहाच गाड्यांत झाली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. प्रेक्षक अर्थातच संतापले होते. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला एकामागून एक मागचे टायर फुटले. काही संघ डाव्या बाजूचा टायर उजवीकडे लावत होते आणि हवाही कमी ठेवत होते. त्यानंतर बाजू बदलण्यास मनाई झाली. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यातली ऊर्जा उष्णता होते आणि टायर आतून भाजतो. 'ट्रॅकवर हवा कमी ठेवायची' हा ऐकीव सल्ला म्हणून अर्धाच खरा आहे.

उरलेला अर्धा भाग वायूच्या नियमात आहे. सकाळी तापमान २५ अंश आणि हवा ३० पौंड आहे. ट्रॅकवर टायरमधली हवा ७५ अंशांपर्यंत गेली तर दाब किती होईल? मुले ३० ला ३४८ भागिले २९८ ने गुणतात आणि ३५ सांगतात. खरे उत्तर साडेसदतीस आहे. कारण पंपावरचा काटा वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. त्यात वातावरणाचे १४.७ आधी मिळवायचे, मग गुणायचे आणि मग वजा करायचे. केवल तापमान आपण शिकवतो, केवल दाब मात्र राहून जातो.

मी त्याला दोन कामे सांगितली. एक, प्रत्येक टायरच्या काठावर, नक्षी जिथे संपते तिथे, खडूने आडव्या रेघा ओढायच्या. शर्यतवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. वळणात टायर किती कलंडतो ते खडू कुठपर्यंत पुसला जातो त्यावरून कळते. भिंतीपर्यंत पुसला तर हवा कमी, काठापर्यंत पोचलाच नाही तर जास्त. दोन, ट्रॅकवरून आत येताच, टायर गार होण्यापूर्वी, चारही टायरची हवा मोजून वहीत लिहायची.

त्याने वही पाठवली. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर कंपनीने ३२ पौंड दिले होते. त्याने सकाळी चारही टायर ३० वर ठेवून सुरुवात केली. पाच फेऱ्यांनंतर पुढचा डावा ३८, पुढचा उजवा ३५, मागचा डावा ३६, मागचा उजवा ३४. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होता, म्हणजे वळणे मुख्यतः उजवीकडे आणि भार डाव्या बाजूला. मी हे आकडे अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिले आणि तापमाने काढायला सांगितली. पुढच्या डाव्याचे ७८ अंश आले, मागच्या उजव्याचे ५२. थर्मामीटर न लावता.

खडू भिंतीपर्यंत गेला नव्हता, म्हणून त्याने पुढच्या डाव्यातली तीन पौंड हवा सोडून ती ३५ वर आणली होती. संध्याकाळी टायर पुन्हा २५ अंशांवर आल्यावर त्यात किती उरेल, असे मी वर्गाला विचारले. एका मुलीने सर्वांच्या आधी साडेसत्तावीस सांगितले, आणि लगेच विचारले, "मग ते तसेच घरी आले का, सर?" नाही. महामार्गाला लागण्यापूर्वी त्याने पंपावर थांबून चारही टायर ३२ वर आणले होते. वहीत शेवटची नोंद तीच आहे.